चिंधी बांधलेल्या शेंगा

मी एकतीस वर्षं लॉन कापलं. लॉन खाता येत नाही.

एवढं लिहून मी कागद सबनीस बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "सुरुवात बरी आहे. आता पुढचं लिहा. दर दोन ओळींनी दाखवायला येऊ नका." आमच्या भाजीच्या बागेवर दिवाळी अंकात काहीतरी द्या, असं कुणीतरी बाईंना सांगितलं होतं. त्यांनी ते माझ्यावर ढकललं. माझं शिक्षण चौथी. शुद्धलेखन त्या बघणार. मजकुरात हात घालायचा नाही असं ठरलंय, कारण पुढे त्यांच्याबद्दलही आहे.

मी इंगळे, मूळचा वाशीमकडचा. पुण्यात सगळे येतात तसा आलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कर्वेनगरातल्या सोसायट्यांत माळीकाम केलं. लोकांना वाटतं माळी झाडं वाढवतो. सोसायटीतला माळी झाडं वाढू देत नाही, त्याचाच त्याला पगार. मेंदी एका उंचीवर कापायची, लॉन बोटभर ठेवायचं, फांदी कुणाच्या खिडकीकडे वळली की छाटायची. एकदा कुंपणाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाहीत अशी, चार वांगी लावली होती. सेक्रेटरींनी बघितली. "इंगळे, हे काय शेत आहे का?" वांगी फुलावर आली होती. मी उपटली. नोकरी होती.

बायको इंदू भाजी विकायची. पहाटे मार्केट यार्डातून पालेभाजी आणून सदाशिव पेठेत एका गल्लीच्या तोंडाशी बसायची. मेथी, चुका, अंबाडी, राजगिरा. ताजी विकली जायची, उरलेली घरी यायची. पिवळी पडलेली मेथी कितीही धुतली तरी हिरवी होत नाही. आम्ही तीच खाल्ली. एकदा चक्कर येऊन पडली म्हणून तिथल्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "रक्त कमी आहे बाई. ताज्या हिरव्या भाज्या खात जा." डॉक्टरांच्या घरची भाजी तिच्याकडूनच जायची. ती म्हणाली, "डॉक्टर, आज तुमच्याकडं चाकवत दिलाय, चांगला आहे." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. नवरा माळी, बायको भाजीवाली, आणि घरात ताजी भाजी नाही.

बाग झाली ती माझी नोकरी सुटल्यावर. शेवटच्या सोसायटीच्या मागे एक तुकडा होता. फरश्या, विटा, जुनी कमोडं, सगळा राडारोडा तिथे. त्याच्या पलीकडे भिंत, भिंतीच्या पलीकडे आमची वस्ती. सबनीस बाई त्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतात. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. माहेर सदाशिव पेठेतलं, म्हणजे बोलणं कसं असेल ते समजून घ्या. त्यांनी सोसायटीच्या सभेत मांडलं, की इथे भाजी लावू. जो राबेल तो नेईल. सोसायटीचा असो की वस्तीतला. भिंतीला एक दार पाडू.

दारावरून दोन सभा झाल्या. भाजीला कुणाचा विरोध नव्हता, दाराला होता.

दार झालं. मग बाई माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "इंगळे, तुम्ही आमची मेंदी फार सरळ कापलीत. आता काहीतरी खायचं लावा." मी नाही म्हणणार होतो. इंदू आतून म्हणाली, "उद्यापासून येतात."

विटा काढायला एक उन्हाळा गेला. त्या जमिनीत गांडूळसुद्धा नव्हतं. सोसायटीचा पाचोळा, सगळ्यांच्या घरचा ओला कचरा आणि गोठ्यावरचं शेण यांचे थर देत गेलो. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पिंपात कालवून आठवडाभर ठेवतात. त्यानं माती जागी होते, माणसंही होतात. चौथ्या दिवशी सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून आले. बाई वाफ्यातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "समोरचा नाला तुम्हाला वीस वर्षं वास देत नाही, आणि शेणाचा चार दिवसांत आला? सर्दी बरी झाली वाटतं."

राबायला सगळ्या तऱ्हेची माणसं आली. चौथ्या मजल्यावरचा एक कॉम्प्युटरवाला. धणे अख्खेच पेरले. धणे रगडून, दोन फाकी करून पेरावे लागतात, हे मी सांगायच्या आत त्याचं पेरून झालं होतं. वर रोज सकाळी उकरून बघायचा, उगवलं का. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला रोज सकाळी पांघरूण काढून कुणी बघितलं तर तुम्ही झोपाल का?" दुसरी एक ताई पालक घेताना दर वेळी विचारायची, "काका, हे ऑरगॅनिक आहे ना?" मी पानावरची भोकं दाखवायचो. "अळीनं खाऊन बघितलंय. ती जिवंत आहे."

वस्तीतल्या बाया मात्र यायच्या नाहीत. दार उघडं, भाजी तयार, बाई हाका मारतायत, पण कुणी नाही. बाईंना वाटलं, गरज नसेल. मलाही कळेना. त्या सगळ्या त्याच सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या. इंदूला एका दुपारी कळलं. ती म्हणाली, "मालकिणीसमोर फुकटची जुडी घेऊन कोण उभं राहील? काहून राहावं? आधी काम सांगा." मग तिनं नियम केला. आधी दोन झाऱ्या पाणी घालायचं, मग भाजी न्यायची. मालकीण असो, मोलकरीण असो. दुसऱ्या दिवशी हौदापाशी रांग लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि त्यांच्याकडची भांडीवाली मागेपुढे झारी घेऊन उभ्या. भांडीवाली म्हणाली, "वैनी, झारी वाकडी धरू नका, पायावर सांडतंय." त्या घरात ती असं कधी बोलली असेल असं वाटत नाही.

अंगणवाडीला मात्र पाणी न घालता भाजी जायची. तो एकच अपवाद. पोरं लहान आणि त्यांच्या आया पोटुशा.

इंदूनं भाजी विकणं सोडलं आणि बागेतच राहिली. बोलायचं काम तिचं. मी कुणाला काही समजावून सांगत नाही. सांगायला गेलो तर समोरचा माणूस चिडतो, असा माझा अनुभव आहे. मी हातानं करायचो, ती तोंडानं सांगायची.

आता शेंगांचं. आमच्याकडे वालाच्या शेंगा म्हणतात. पुण्यात वालपापडी म्हणतात. पक्का पुणेकर असला तर घेवडा म्हणतो आणि आपल्याला दुरुस्त करतो. इंदू लग्नात येताना माहेराहून जे घेऊन आली त्यात या वालाचं बी होतं. शेंगेची कड जांभळी, बी काळं, डोक्यावर पांढरी रेघ. आम्ही खोलीत राहायचो तेव्हाही ती पत्र्याच्या डब्यात एक वेल लावायची आणि न्हाणीच्या छपरावर चढवायची. खायला नाही. बी चालू राहावं म्हणून. वालाचं बी दोन-तीन वर्षं पडून राहिलं की भरवसा नाही, म्हणून दर वर्षी पेरायचं, दर वर्षी धरायचं.

बी धरायची तिची रीत होती. पहिल्या शेंगा बारीक असतात, शेवटच्यांना कीड असते. मधल्या घोसातल्या, पाच दाणे भरलेल्या, निरोगी शेंगा निवडायच्या आणि देठाला चिंधी बांधायची. जुन्या लुगड्याची, लाल. चिंधी बांधलेल्या शेंगेला हात लावायचा नाही. ती वेलावरच वाळायची. मग बी काढून, सावलीत सुकवून, राखेत घालून डबा बंद. राखेत भुंगा लागत नाही. पुण्यात आमच्याकडे चूल नाही, मग राख कुठली? ती जिथे बसायची तिथल्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणायची. भाजी विकणं सोडलं तरी दर फाल्गुनात एकदा तिकडे जायची, फक्त राखेसाठी. मी कधी बरोबर गेलो नाही.

आणि पेरताना मूठभर बी डब्यात मागे ठेवायची. पाऊस दगा देईल, उंदीर खातील, काहीही होईल. मूठ मागे.

बागेत वेलाला मांडव मिळाला आणि वाल माजला. सोसायटी नि वस्ती दोन्ही खाऊन शेंगा उरायच्या. तोडायची मात्र तीच, मांडवाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

ती मार्गशीर्षात गेली. दुखणं लांबलं नाही. मांडवावर तिनं बांधलेल्या चिंध्या होत्या. शेंगा वाळल्यावर मी बी काढलं आणि डब्यातल्या जुन्याच राखेत ठेवलं. त्या फाल्गुनात राख आणायला कोणी गेलं नाही.

पावसाळ्यात मी सगळा डबा पेरला. मूठ मागे ठेवली नाही. विसरलो असं म्हणता येणार नाही. मांडव मोठा होता, मी म्हटलं, भरू दे सगळा. वेलावर माव्याची कीड आली तेव्हा डब्यातली जुनी राखही त्याच्यावर उधळली. मावा गेला. डबा रिकामा झाला.

कार्तिकात शेंगा लागल्या. मी मधले घोस बघून चिंध्या बांधल्या. सव्वीस. तिच्याच लुगड्याच्या. कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? चिंधी दिसते. आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं की याला हात लावायचा नाही.

मार्गशीर्षात वर्षश्राद्धासाठी गावी गेलो. भावाच्या शेतात बांधापर्यंत सोयाबीन. भावजयीला विचारलं, "वाल कुठाय?" ती म्हणाली, "आता कोण लावते भाऊजी? बाजारातून पाकीट आणतो, त्याच्या शेंगांना चव नसते." इंदूच्या माहेरीही विचारलं. तिथेही नाही. मी जरा ऐटीत सांगितलं, "आमच्याकडं आहे, पुण्यात. पुढच्या खेपेला आणून देतो." वाशीमच्या वालाचं बी पुण्याहून यायचं, यावर सगळे हसले. मला बरं वाटलं.

परतताना अकोल्याला मुलीकडे थांबलो तर ताप भरला. तिनं महिनाभर सोडलं नाही. तापातच सबनीस बाईंचा फोन आला. "इंगळे, शेंगा तोडायच्या का?" मी म्हटलं, "तोडा की. त्यात विचारायचं काय?" आणि फोन ठेवला. फोनवर जास्त बोलायची मला सवय नाही.

परत आलो तो थेट बागेत गेलो. मांडवावर एकही चिंधी नव्हती.

बाई वांग्यांपाशी होत्या. मी विचारलं, "बाई, चिंध्या कुठायत?"

"धुऊन, घड्या करून ठेवल्यात. सव्वीस आहेत, मोजून घ्या."

"आणि शेंगा?"

"अंगणवाडीत दिल्या. जरा जून होत्या, पण तुम्ही स्वतः निवडून खूण केलेली, म्हटलं काहीतरी कारण असेल. त्या बायांनी सोलून दाण्यांची उसळ केली. पोरांनी खाल्ली."

"ते बियाणं होतं."

बाईंनी हातातलं वांगं टोपलीत ठेवलं. मी म्हटलं, "चिंधी बांधलेल्या शेंगेला हात लावायचा नसतो. एवढं कळत नाही? शाळेत काय शिकवलंत मग?"

"इंगळे, इथे कळायला अक्षरं लागतात. तुम्ही पाटी का नाही लावलीत?"

"चिंधी म्हणजेच पाटी."

"तुमच्या गावात. मी तर उलटी पाटी लावली. बघा."

मांडवाच्या खांबाला पुठ्ठा होता. बाईंच्या सुवाच्य अक्षरात: 'चिंधी नसलेल्या शेंगा तोडू नयेत. त्या तयार नाहीत. तोडताना आढळल्यास पुढील आठवड्यात भाजी मिळणार नाही.'

मी वर बघितलं. महिनाभर एकानंही एका शेंगेला हात लावला नव्हता. सोसायटीनंही नाही, वस्तीनंही नाही. पुण्यात पाटी पाळतात तशी पाळली होती. सगळा मांडव वाळला होता. वारं आलं की शेंगा खुळखुळायच्या. खायच्या भाजीचं मातेरं झालं होतं.

मी दार ओढून घेतलं आणि घरी गेलो. आठ दिवस बागेत गेलो नाही. माझं म्हणणं असं होतं की तिनं स्वतः निवडलेलं शेवटचं बी मी पेरलं, त्यातलं मी निवडलेलं पोरांच्या पोटात गेलं, आणि आता जे वर वाळतंय ते कुणीच निवडलेलं नाही. त्यात कीडकं आहे, पोचट आहे, पहिलं आहे, शेवटचं आहे. ते बी नव्हे, ते उरलेलं. आमच्या घरी उरलेलंच यायचं.

नवव्या दिवशी बाई आल्या. हातात त्या चिंध्या, कागदात गुंडाळलेल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"मांडवावरच्या शेंगांत बी आहे की नाही?"

"आहे. पण निवडलेलं नाही."

"मग निवडा."

"निवडायची ती."

"हो. आणि समजावून सांगायच्याही त्याच. तुम्ही दोन्ही त्यांच्यावर टाकून बसलात, आणि आता माझ्यावर चिडलात." एवढं बोलून त्या दारापर्यंत गेल्या, मग वळल्या. "अहो इंगळे, मला दिसत नव्हतं का त्या चिंध्या कशाच्या आहेत ते? म्हणून तर इस्त्री करून आणल्यात."

मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागोमाग बागेत गेलो.

दोन दिवस शेंगा काढल्या. बाईंनी अंगणात चादर अंथरली. भांडीवाली आली, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, कॉम्प्युटरवाला आला. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. एकेक बी हातात धरून सांगितलं. याला सुरकुती आहे, हे टाका. याची रेघ पुसट आहे, हे टाका. हे हलकं लागतं, आतून खाल्लंय. हे बघा, हे असं पाहिजे. कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, "काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "शिकवलं नाही. मी शेजारी बसलेलो असायचो."

सगळं निवडून दीड ओंजळ बी निघालं. तिनं निवडलं असतं तसंच निघालं का, ते सांगता येत नाही. काळं आहे, रेघ पांढरी आहे. एक मूठ भावजयीला बाजूला काढली. यंदा पेरताना एक मूठ डब्यात मागे ठेवली आहे. बाईंनी डब्यावर पाटी चिकटवलीय: 'ही मूठ पेरू नये. इंगळे, तुम्हीसुद्धा.' आणि मांडवाला नवी पाटी आहे, चिंधी म्हणजे काय ते सांगणारी. मजकूर मी सांगितला, अक्षर त्यांचं. हे लिहितोय तेव्हा वेल मांडवावर पोचलाय.

एक राहिलं. बी निघालं तेव्हा डब्यात राख नव्हती.

मी सदाशिव पेठेत गेलो. तिची बसायची जागा मला माहीत होती. तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात. शेजारच्या गल्लीत इस्त्रीवाल्याची टपरी होती. माणूस माझ्याहून थोडा लहान. मी म्हटलं, "थोडी राख मिळेल का?"

तो म्हणाला, "राख कुठली काका आता? आम्ही गॅसवर आलो. ही बघा, इस्त्रीला नळी." मी निघालो. मग त्यानंच हाक मारली. "बियाण्याला पाहिजे का?"

मी हो म्हटलं.

तो टपरीच्या खाली वाकला. कपड्यांच्या गाठोड्यांच्या मागून एक पत्र्याचा डबा काढला. झाकण घट्ट बसवलेलं, वर प्लास्टिक बांधलेलं. "एक भाजीवाल्या मावशी यायच्या दर वर्षी. आल्या की आधी मला भांडायच्या, राखेत खडे का ठेवतोस म्हणून. कोळसा बंद केला तेव्हा त्यांच्यासाठी चाळून ठेवली. गेल्या फाल्गुनात आल्या नाहीत." त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही त्यांचे का?"

"हो."

"मग घेऊन जा. आणि मावशींना सांगा, ही शेवटची. आता काही मिळायची नाही."

ती गेली हे त्याला सांगायला हवं होतं. 

डबा काखेत घेतला आणि म्हटलं, "सांगतो."